परदेशात स्पीच थेरपिस्ट व्हायचंय? आखणी शेवटच्या कागदापासून करा

पुण्यात बीएएसएलपी, म्हणजे वाणी-भाषा आणि श्रवण या विषयांतली पदवी, करणारी मुलं तिसऱ्या वर्षाच्या आसपास परदेशाचा विचार करू लागतात. तेव्हा सगळ्यात आधी विचारलं जातं विद्यापीठाबद्दल: कुठलं चांगलं, रँकिंग किती, फी किती. खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, काम कोणत्या देशात करायचं? दुसरा, तिथे रुग्णाला हात लावायचा अधिकार कोण देतं आणि त्यासाठी काय मागतं? या दोन्हींची उत्तरं लिहून काढली की विद्यापीठांची लांबलचक यादी आपोआप आठ-दहा नावांवर येते.

चार गोष्टी सुरुवातीलाच वेगवेगळ्या करून घ्या. पदवी विद्यापीठ देतं. व्यावसायिक प्रमाणपत्र संघटना देते. परवाना किंवा नोंदणी राज्य वा नियामक मंडळ देतं. आणि तिथे राहून काम करायची मुभा त्या देशाचं इमिग्रेशन खातं देतं. यातली एक गोष्ट हातात आली म्हणून दुसरी मिळत नाही. मास्टर्स पूर्ण झालंय पण नोंदणी होत नाही, किंवा प्रमाणपत्र आहे पण व्हिसा संपतोय, अशा अडचणींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

स्पीच की ऑडिओलॉजी, हे आधी ठरवा

आपल्याकडे बीएएसएलपी एकच पदवी आहे: तीन वर्षं वर्गात, एक वर्ष इंटर्नशिप, आणि दोन्ही क्षेत्रांत काम. अमेरिकेत हे दोन पूर्ण वेगळे व्यवसाय आहेत. स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीसाठी साधारण दोन वर्षांचं मास्टर्स लागतं, तर ऑडिओलॉजीसाठी एयूडी ही डॉक्टरेट पातळीची, बहुतेक ठिकाणी चार वर्षांची पदवी. 'दोन्ही ठेवतो, तिथे गेल्यावर बघू' हे चालत नाही. पुढचा सगळा मजकूर स्पीच-लँग्वेजबद्दल आहे.

ज्यांची पदवी मानसशास्त्राची आहे, किंवा ज्यांनी डेक्कन कॉलेजमधून भाषाविज्ञान केलंय, त्यांनाही दार बंद नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातले दोन वर्षांचे प्रवेशपातळीचे मास्टर्स अभ्यासक्रम अशा पदवीधरांना घेतात. अमेरिकेत मात्र त्यांना आधी ध्वनिविज्ञान, वाणीची शरीररचना, भाषाविकास, श्रवणशास्त्र असे पायाभूत विषय पूर्ण करावे लागतात. त्याला तिकडे 'लेव्हलिंग' म्हणतात आणि त्यात साधारण एक वर्ष जातं. त्या वर्षाचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

अमेरिका: शेवटून सुरुवातीकडे

शेवटचा कागद म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, अर्थात 'ॲशा' या संघटनेचं सीसीसी-एसएलपी हे प्रमाणपत्र. त्याच्या अलीकडे क्लिनिकल फेलोशिप, तिच्या अलीकडे त्या राज्याचा तात्पुरता परवाना, प्रॅक्सिस परीक्षा, मास्टर्स, आणि सगळ्यात अलीकडे तुमची इथली गुणपत्रकं. आता एकेक पायरी मागे येत जाऊ.

क्लिनिकल फेलोशिप म्हणजे मास्टर्सनंतरचं देखरेखीखालचं पगारी काम. किमान ३६ आठवडे आणि किमान १,२६० तास, म्हणजे आठवड्याला ३५ तासांच्या पूर्णवेळ नोकरीचा हिशेब. आठवड्याला ५० तास काम केलं तरी ३६ आठवडे कमी होत नाहीत, आणि आठवड्याला पाच तासांपेक्षा कमी काम धरलं जात नाही. ८० टक्के वेळ थेट क्लिनिकल कामात जायला हवा: तपासणी, निदान, थेरपी, पालकांचं समुपदेशन, अहवाल. मेंटॉरकडे स्वतःचं चालू सीसीसी-एसएलपी, ते मिळाल्यानंतरचा किमान नऊ महिन्यांचा अनुभव आणि देखरेखीचं किमान दोन तासांचं प्रशिक्षण असावं लागतं. नोकरी स्वीकारण्याआधी मेंटॉरचं प्रमाणपत्र ॲशाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, आणि फेलोशिप संपेपर्यंत मधूनमधून पुन्हा बघा. ते मध्येच खंडित झालं तर तेवढ्या काळातलं काम मोजलं जात नाही, आणि नुकसान मेंटॉरचं नव्हे, तुमचं होतं.

प्रॅक्सिस परीक्षेचा कोड ५३३१. १३२ प्रश्न, १५० मिनिटं, उत्तीर्ण होण्यासाठी १०० ते २०० च्या मापावर १६२ गुण. पाया, तपासणी व निदान, आणि उपचार या तीन भागांना जवळजवळ सारखं वजन असतं. नोंदणी करतानाच गुण ॲशाकडे जातील असं निवडा. नंतर पाठवायला वेगळे पैसे पडतात. प्रमाणपत्राचा अर्ज करताना गुण पाच वर्षांपेक्षा जुने नसावेत. आपल्याकडची मुलं बहुधा अडकतात ती अमेरिकी शाळांच्या कायद्यांवर, तिथल्या रुग्णगोपनीयतेच्या नियमांवर आणि संशोधन-आकडेवारीच्या प्रश्नांवर. शरीररचना आणि निदानाचा भाग आपल्या अभ्यासक्रमात पक्का झालेला असतो, म्हणून मास्टर्सच्या शेवटच्या सत्रात जास्त वेळ या कच्च्या भागांना द्या.

मास्टर्ससाठी एकच अट महत्त्वाची: अभ्यासक्रमाला ॲशाच्या 'सीएए' या अधिस्वीकृती मंडळाची मान्यता हवी. 'कम्युनिकेशन सायन्सेस' नावाच्या काही पदव्या केवळ संशोधनाच्या असतात. विद्यापीठ नामांकित, पदवी खरी, पण त्यात क्लिनिकल तास नाहीत. अशा पदवीवर फेलोशिप सुरू होत नाही. नावावर जाऊ नका, सीएएच्या यादीत तो अभ्यासक्रम शोधा.

प्रमाणपत्रासाठी एकूण ४०० क्लिनिकल तास लागतात: २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष रुग्णासोबतचे. या ३७५ पैकी किमान ३२५ मास्टर्सच्या पातळीवरचे हवेत. म्हणजे बीएएसएलपीत कितीही तास केलेले असले तरी त्यातले फार तर ५० धरले जाऊ शकतात, तेही विद्यापीठाने मान्य केले तर. याशिवाय जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक वा वर्तनशास्त्र या चारही विषयांचं कॉलेज पातळीवरचं शिक्षण दाखवावं लागतं. संख्याशास्त्र बीएएसएलपीत बहुतेक वेळा 'संशोधनपद्धती व संख्याशास्त्र' अशा जोडनावाने येतं, आणि अमेरिकेतला तपासनीस तिथेच अडतो. अशा वेळी सविस्तर अभ्यासक्रमाची प्रत कामाला येते, म्हणून ती कॉलेजच्या शिक्क्यासह आधीच घेऊन ठेवा.

अर्ज बहुतेक विद्यापीठांसाठी सीएसडीकॅस या एकाच सामायिक पोर्टलवरून जातो. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू व्हायचे असतील तर पोर्टल आदल्या वर्षी तिकडच्या उन्हाळ्यात उघडतं आणि बऱ्याच मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. तीन शिफारसपत्रं लागतात. विभागप्रमुखांचं चार ओळींचं औपचारिक पत्र घेण्यापेक्षा ज्या सुपरव्हायझरने तुमची थेरपी एकतर्फी आरशामागून पाहिली आहे, त्यांच्याकडून एका रुग्णाच्या उदाहरणासह पत्र घ्या. जीआरई (प्रवेशपरीक्षा) अनेक ठिकाणी बंद झालंय, पण सगळीकडे नाही.

ज्यांनी भारतात एमएस्सी (स्पीच) केलंय, त्यांना ॲशाचा दुसरा रस्ता उपलब्ध आहे: परदेशी पदवीच्या आधारे थेट अर्ज. पदवी त्या देशाच्या अधिकृत नियामकाने मान्य केलेल्या संस्थेची असावी लागते, आणि बाकी सगळ्या अटी जशाच्या तशा: ४०० तास, वरचे चार विषय, प्रॅक्सिस, सीसीसीधारक मेंटॉरखालची फेलोशिप. वाट स्वस्त आहे, पण अमेरिकेतलं काम आणि व्हिसा मिळवणं तिथे शिकलेल्यांपेक्षा खूप कठीण जातं.

व्हिसाचं गणित

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. ओपीटीचे ५२ आठवडे, त्यातले ३६ फेलोशिपचे. हातात उरतात १६. या १६ आठवड्यांत नोकरी शोधायची, राज्याचा तात्पुरता परवाना काढायचा आणि तो येईपर्यंत थांबायचं, कारण परवान्याशिवाय रुग्ण पाहता येत नाही. शिवाय ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. म्हणून ओपीटीचा अर्ज पदवी पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी, म्हणजे दार उघडल्या दिवशी करा. ज्या राज्यात नोकरी शोधताय, तिथल्या परवान्याचे फॉर्म शेवटच्या सत्रातच भरायला घ्या. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी दोन वर्षांची वाढ आपल्याला मिळेल असं गृहीत धरू नका. आय-ट्वेंटी या विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या फॉर्मवरचा अभ्यासक्रमाचा कोड बघून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा.

पुढे एच-वन-बी, म्हणजे मर्यादित संख्येने, लॉटरीने मिळणारा नोकरीचा व्हिसा. लॉटरीची नोंदणी मार्चमध्ये होते आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू होतं. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं लॉटरीच्या मर्यादेबाहेर असतात. सरकारी शाळा चालवणारे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' सहसा नसतात. म्हणून फेलोशिपची नोकरी निवडताना दोन-चार हजार डॉलर कमी मिळाले तरी विद्यापीठाचं रुग्णालय श्रेयस्कर, असं आमचं स्पष्ट मत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लावणारा आदेश निघाला. भारतात बसून थेट नोकरी मिळवायची योजना असेल तर या एका गोष्टीची ताजी स्थिती पाहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. रोजगाराच्या व्हिसासाठी आणि ग्रीनकार्डासाठी स्पीच थेरपिस्टना 'व्हिसास्क्रीन' हे वेगळं प्रमाणपत्रही लागतं.

लॉगबुक: आजपासून

कुठल्याही देशात जायचं असो, पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती तासांची नोंदवही. कॉलेजच्या फॉर्मवर 'स्पीच थेरपी, २ तास, सही' एवढंच असतं आणि पाच वर्षांनी त्याला अर्थ उरत नाही. ॲशा नऊ क्षेत्रं मोजते: उच्चार, प्रवाहिता म्हणजे अडखळणं, आवाज व अनुनाद, भाषेचं आकलन व अभिव्यक्ती, श्रवण, गिळणं, संप्रेषणाची बौद्धिक बाजू, सामाजिक बाजू, आणि चित्रतक्ता किंवा यंत्राच्या साहाय्याने संवाद म्हणजे एएसी. तुमच्या वहीत हे नऊ रकाने आखा. एक नोंद अशी दिसावी (आरसीआय म्हणजे थेरपिस्टची नोंदणी करणारी भारतीय पुनर्वास परिषद):

"१४ ऑगस्ट. मुलगा, ५ वर्षं २ महिने, घरची भाषा मराठी. 'र'च्या जागी 'ल'. थेरपी ४५ मिनिटं, एकट्याची. क्षेत्र: उच्चार. वयोगट: बाल. सुपरव्हायझर खोलीत २० मिनिटं. सही, पूर्ण नाव, आरसीआय क्रमांक."

रुग्णाचं नाव लिहायचं नाही, केस क्रमांकही शक्यतो नाही. मिनिटांत लिहा, तासांत गोळाबेरीज नंतर. दर महिन्याला सही घ्या; सुपरव्हायझर नोकरी बदलतात, आणि दोन वर्षांनी सहीसाठी माणूस शोधत फिरावं लागतं.

महिनाअखेरीस नऊ रकान्यांची बेरीज केली की खड्डे दिसतात. आपल्याकडे बहुधा गिळण्याचे आणि एएसीचे रकाने रिकामे, तर बालकांच्या भाषेचा रकाना भरून वाहतोय असं चित्र असतं. इंटर्नशिपच्या पोस्टिंग ठरतात तेव्हाच न्यूरॉलॉजी वॉर्ड किंवा आयसीयू असलेलं रुग्णालय मागून घ्या. पक्षाघातानंतरचे रुग्ण, ट्रॅकिओस्टॉमीचे, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र केलेले रुग्ण, नळीने अन्न घेणारी बाळं पाहिलेली असणं हे परदेशातल्या प्रवेशाला आणि नोंदणीला, दोन्हीला वजन देतं.

मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड अशा कोणत्या भाषांत थेरपी केली तेही लिहा. अर्जातल्या निबंधात 'बहुभाषिक शहरात काम केलं' या वाक्यापेक्षा, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाची दोन्ही भाषांत चाचणी कशी घेतली आणि दोष नेमका कुठल्या भाषेत होता हे कसं ठरवलं, याची अर्धं पान माहिती जास्त परिणाम करते.

ब्रिटन

इथे 'स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणी एचसीपीसी ही नियामक संस्था करते. रॉयल कॉलेज या थेरपिस्टांच्या संघटनेचं सदस्यत्व उपयोगी आहे, सक्तीचं नाही. मार्ग दोन.

पहिला: तिथे 'प्री-रजिस्ट्रेशन' पदव्युत्तर अभ्यासक्रम, साधारण दोन वर्षं. जाहिरातीत मिळतीजुळती नावं असलेले एक वर्षाचे एमएस्सी बरेच दिसतात; ते आधीच नोंदणीकृत असलेल्यांच्या ज्ञानवृद्धीसाठी असतात आणि त्यातून नोंदणी मिळत नाही. पुण्यातल्या मुलांचे पैसे वाया जाण्याची सगळ्यात मोठी शक्यता आम्हाला इथेच दिसते, कारण एजंट 'ब्रिटनमधला स्पीचचा मास्टर्स' एवढंच सांगतो. एचसीपीसीच्या संकेतस्थळावर मान्य अभ्यासक्रमांची यादी आहे. त्यात नाव नसेल तर विषय तिथेच संपला.

दुसरा: भारतीय पदवीवर एचसीपीसीकडे आंतरराष्ट्रीय अर्ज. अभ्यासक्रमाची सविस्तर माहिती तुमच्या कॉलेजकडून भरून घ्यावी लागते आणि ती तिथल्या प्रावीण्य-मानकांशी ताडून पाहिली जाते. 'व्हॉइस डिसऑर्डर्स, १०० गुण' एवढ्याने भागत नाही. किती तास शिकवलं, कशाची प्रात्यक्षिकं झाली, कोणत्या वयाचे रुग्ण पाहिले, हे सगळं लागतं. नंतरचा अनुभव पुराव्यासह दिला तर पदवीतल्या उणिवा त्यातून भरून निघू शकतात.

या मार्गावरची खरी चढण इंग्रजीची आहे. एचसीपीसी बहुतेक इतर व्यवसायांना आयईएलटीएसमध्ये एकूण ७ मागते, पण स्पीच थेरपिस्टना एकूण ८ आणि कोणत्याही भागात ७.५ पेक्षा कमी नाही. वाचन आणि श्रवणात ८.५ मिळवणारेही लेखनात ७ वर अडकतात. दोन आठवड्यांच्या क्लासने हे होत नाही. रोज एक निबंध लिहून कुणाकडून तरी तपासून घेणं, असे तीन-चार महिने हाताशी ठेवा. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे फार लवकरही परीक्षा देऊ नका. तिथे शिकायला जाणाऱ्यांनाही अनेक विद्यापीठं प्रवेशालाच याच्या जवळपासचे गुण मागतात.

नोंदणीनंतर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत सुरुवात सहसा बँड ५ या वेतनश्रेणीवर होते आणि नवशिक्यांची ठरलेली उद्दिष्टं पूर्ण झाल्यावर बँड ६. स्पीच थेरपिस्ट हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाच्या यादीत आहेत. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिने.

ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड

ऑस्ट्रेलियात हा व्यवसाय सरकारी मंडळाच्या नोंदणीखाली नाही. स्पीच पॅथॉलॉजी ऑस्ट्रेलिया ही संघटना स्वतःच प्रमाणित करते आणि स्थलांतरासाठीचं कौशल्य-मूल्यांकनही तीच करते. व्यवसायाचा कोड २५२७१२. भाषा, वाणी, आवाज, प्रवाहिता, गिळणं आणि बहुमार्गी संप्रेषण या सगळ्यांत, लहान आणि मोठ्या अशा दोन्ही वयोगटांत काम दाखवावं लागतं. वरची नोंदवही इथे जशीच्या तशी चालते.

कॅनडात नोंदणी प्रांतागणिक आहे. ओंटारियोचं मंडळ वेगळं, ब्रिटिश कोलंबियाचं वेगळं, आणि क्वेबेकला फ्रेंच लागतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी मास्टर्सच्या जागा फार थोड्या असतात, म्हणून कॅनडा हा एकमेव पर्याय धरू नका. आयर्लंडमध्ये नियामक कोरू.

या सगळ्या देशांच्या संघटनांमध्ये परस्पर मान्यतेचा करार आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. भारत त्यात नाही. करार संघटनांच्या प्रमाणपत्रांपुरता आहे. राज्याचा परवाना, सरकारी नोंदणी किंवा व्हिसा त्यातून मिळत नाही. आणि तो मूळ व्यावसायिक शिक्षण याच देशांत झालेल्यांसाठी आखलेला आहे. भारतीय पदवीवर एका देशात प्रमाणपत्र मिळवून त्या जोरावर दुसऱ्या देशात उडी मारायची योजना म्हणूनच टिकत नाही.

पुण्यातली कागदपत्रं

सुरुवात ट्रान्सक्रिप्टने, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या वर्षांच्या गुणनोंदीने करा. तुमची पदवी नेमकी कोणत्या विद्यापीठाची हे पाहा: धनकवडीच्या भारती विद्यापीठातून शिकलात तर तेच अभिमत विद्यापीठ, मुंबईच्या नायर रुग्णालयासारख्या महाविद्यालयातून असाल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. परदेशासाठी पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्था ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडून, बंद पाकिटात किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मागतात. तुम्ही स्वतः स्कॅन करून पाठवलेली प्रत बाद होते. अमेरिकेसाठी 'विषयवार' मूल्यांकन निवडा, फक्त पदवीचं नव्हे.

इंटर्नशिपचं चौथं वर्ष हमखास निसटतं. त्याला गुण नसतात म्हणून ते गुणपत्रकात येत नाही, आणि तुमची चार वर्षांची पदवी तीन वर्षांची दिसू लागते. ट्रान्सक्रिप्टवर 'अनिवार्य इंटर्नशिप, अमुक ते अमुक' अशी ओळ छापून मागा. जमत नसेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर वेगळं पत्र घेऊन तेही विद्यापीठाच्याच पाकिटात घालायला सांगा. पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का, तेही याच वेळी बघा. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, हा आपल्या महाराष्ट्रातला नेहमीचा घोळ.

पोलिस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून मुंढव्याच्या केंद्रात वेळ घ्या. अमेरिकी व्हिसाची मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. व्हिसा शुल्क १८५ डॉलर, सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचं) शुल्क ३५० डॉलर.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते आणि त्या मुदतीचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून त्या खात्याला घरचे हप्ते, एसआयपी, विजेचं बिल यातलं काहीही जोडलेलं ठेवू नका. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, संपूर्ण मुदतीचा एकदम भरायचा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहावी. ती चालवणारं समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. निवडीत विद्यापीठाचं जागतिक रँकिंग धरलं जातं, म्हणून अर्ज करतानाच यादीत त्या रँकिंगमधली दोन-तीन मान्यताप्राप्त नावं ठेवा.

आरसीआय सोडू नका

जाण्याआधी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी करून घ्या आणि 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र मागवा. परदेशी नियामक ते मागू शकतात. परदेशात असतानाही नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये ठेवा, आणि सतत-शिक्षणाचे गुण वेळेत भरत राहा. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय इथे व्यवसाय करणं हा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशातलं मास्टर्स कितीही मोठ्या विद्यापीठाचं असलं तरी हा नियम बदलत नाही. परतायचं मनात असेल तर त्या पदवीचा अभ्यासक्रम, क्लिनिकल तासांचा दाखला आणि अधिस्वीकृतीचा पुरावा तिथून निघण्याआधी विद्यापीठाकडून शिक्क्यासह घ्या. समुद्रापलीकडून हे कागद ईमेलवर मिळवायला महिनोन्‌महिने लागतात.